खंडेनवमीच्या पाटावर माझी तिजोरी

जगातली सगळ्यात अभेद्य तिजोरी चिंचवडला आमच्या दोन खोल्यांत, मसाल्याच्या जुन्या डब्यात होती. पत्त्यांच्या जोडाएवढा, स्वस्तातला, उघडावाघडा कॉम्प्युटर. त्याला मी जन्मात इंटरनेट दाखवलं नव्हतं. माझ्या क्रिप्टोची, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांची, गुप्त चावी त्याच्या पोटात. काही विकायचं तर सही त्यानंच करायची. परदेशातले हॅकर माझ्या डब्यापुढे डोकं आपटून रडतात, असं मी चाकणच्या कंपनी बसमध्ये रोज सांगायचो.

"इंटरनेट नसलेला कॉम्प्युटर म्हणजे बिनपाण्याचा नळ की, राव!" शेजारच्या सीटवरचा म्हणायचा. बस हसून हसून एका बाजूला कलायची.

घरी मात्र हे भंगारात जाऊ नये म्हणून मी वडिलांना वेगळं सांगितलं होतं. आबा लातूरहून आलेले. भोसरीत उभा जन्म लेथ चालवली. "आबा, तुमची लेथ तसं माझं हे हत्यार. फक्त तेल मागत नाही."

चऱ्होलीत एक फ्लॅट आम्ही नक्की केला होता. टोकनसाठी मालक खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत थांबणार होता. टोकनचे पैसे क्रिप्टो विकूनच यायचे होते, पण भाव अजून चढेल म्हणून मीही विक्री त्याच दिवसापर्यंत ताणली. सकाळी अंघोळ करून आलो, तर पाटावर आबांचे पाने, मायक्रोमीटर, बायकोची शिवणाची कात्री आणि मधोमध माझी तिजोरी! वर झेंडू, अक्षता, आणि हळदकुंकू इतकं की अख्ख्या चिंचवडच्या सवाष्णींना पुरावं.

"आबा, जरा घेतो हे. दहा मिनिटांचं काम आहे."

"हात लावायलास कशाला? आज हत्याराला सुट्टी हाय. उद्या आरती झाली की घे."

"फ्लॅट जाईल!"

"ह्या दिवशी मी ओव्हरटाइम सोडलाय, लेका. फ्लॅटचं काय सांगायलास?"

चावीची नक्कल होती, पण लातूरला, मामाच्या ट्रंकेत. मोबाइलवर भाव विहिरीत सोडलेल्या घागरीसारखा खाली चाललेला.

"घ्या की उचलून," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथं काय वाघ बसलाय?"

वाघ परवडला असता. तिथं आबा मांडी घालून बसले होते.

ऊन उतरायला लागलं तसा मी हात पुढे केलाच. आबांनी अडवलं नाही.

"घे. जुगाराचं यंत्र असंल तर खुशाल घे, पूजा मोडत न्हाई. हत्यार असंल तर ऱ्हाऊ दे."

हात हवेतच राहिला. एवढ्यात चऱ्होलीच्या मालकाचा फोन वाजायला लागला. तो वाजत असताना मी एक घसरलेला झेंडू सरळ केला आणि हात मागे घेतला. नंतर फोन लावला, तर फ्लॅट दुसऱ्याला गेला होता.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर आबांनी लेथच्या ब्रशनं कुंकू झाडलं. मी वायर जोडली, तर हिरवा दिवा पहिल्या फटक्यात लागला. "बघ, इसावा मिळाला की हत्यार कसं चालतंय!" म्हणाले, आणि माझी तिजोरी स्वतःच्या पान्यांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

आम्ही त्याच दोन खोल्यांत आहोत. किल्ली आबांच्या करगोट्याला असते. आता तिजोरी खरोखर अभेद्य झाली आहे. डोकं आपटून रडणाऱ्या हॅकरांत माझीही भर पडली, एवढंच.