बाटल्या भरू का?

आम्ही तिघं घरी बिअर करायचो. मी लोणावळ्यात राहतो आणि तळेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. नमुने घ्यायचे, मोजायचे, आकडा वहीत लिहायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. दुसरे कामशेतचे काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तिसरे टाकव्याचे शेतकरी. ते माझ्याहून थोडे मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो.

भाऊ पुण्यात एका हॉटेलात सहा वर्षं होते. तिथे बिअर जागेवरच बनायची आणि टाक्या धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. टाळेबंदीत हॉटेल बंद पडलं आणि भाऊ गावी भातशेतीवर परतले. टाक्या सुटल्या, नाद सुटला नाही. माल्ट, म्हणजे मोड काढून वाळवलेले जव, आणि यीस्ट पाठवणाऱ्या दुकानदाराने आम्हा तिघांना एकमेकांचे नंबर दिले, कारण आमची पार्सलं एकाच बाजूला यायची.

मग फोनवर आमचा गट झाला. काका त्यात लांबलचक लिहायचे. त्यांची काळी बिअर गुळावर चालायची आणि गूळ किती, कधी टाकायचा, यावर दर खेपेला नवं मत असायचं. भाऊंनी इंद्रायणीची कणी घातली. तीन किलो माल्टला एक किलो कणी, आधी पार गिचका होईपर्यंत शिजवलेली. ती बिअर इतकी हलकी आणि स्वच्छ उतरली की काकांनी दोन घोट घेतले आणि स्वतःची बाटली परत पिशवीत घातली. प्रश्न तर रोजचेच. नळातून थेंब गळतोय, वायसर रबराचा लावू की सिलिकॉनचा? उकळतं पाणी लवकर गार करायचं तर तांब्याची नळी किती लांब पाहिजे? ती नळी शेवटी कामशेतच्या फ्रिजवाल्याने वळवून दिली. झाकणं बसवायचं यंत्र तिघांत एकच होतं, ते टाकवे, कामशेत, लोणावळा असं फिरत असायचं.

परवाना कुणाकडेच नव्हता. आपण काही विकत नाही, असं म्हणून आम्ही तो विषय मिटवायचो.

तिघांत शेवटचा शब्द माझा असायचा. मी प्रयोगशाळेतला, म्हणून. भाऊ मला 'सर' म्हणायचे. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं.

भाऊंच्या घरी वहिनी होत्या. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. दाराशी, उजेडात, त्यांचं मशीन असायचं. बिअर त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. वास आला की पदर नाकाला लावायच्या. पण काकांच्या काळ्या बिअरसाठी जव तव्यावर भाजून द्यायच्या त्याच. काकांना ते कधी जमलं नाही, करपायचे.

त्या श्रावणात भाऊंनी कणीची वीस लिटर बिअर लावली. पाऊस खळत नव्हता, घरात गारठा, भिंतींना ओल. एका दुपारी मी कारखान्यात डबा खात होतो, तेव्हा गटावर त्यांचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं, "सर, चार दिवस झालं मीटर हलला न्हाई. बाटल्या भरू का?"

हा मीटर म्हणजे काचेची एक तरंगणारी नळी असते. बिअरमध्ये साखर जास्त तेवढी ती वर तरंगते. यीस्ट साखर खात जातं तशी ती खाली बुडते. साखर संपली की एका आकड्यावर थांबते, आणि मग बाटल्या भरायच्या. पण नळी थांबली म्हणजे साखर संपली असंच नसतं. गारठ्याने यीस्टही झोपतं. म्हणून ती किती आकड्यावर थांबली हे बघावं लागतं. हे मला माहीत होतं. ते दोघांना मीच तर शिकवलं होतं.

माझ्या एका हातात पोळीचा घास होता. फोटो न उघडताच मी अंगठ्याने लिहिलं, "झालं असेल. भरा." घास संपवला, डबा धुतला आणि विसरून गेलो.

भाद्रपद सरत आला तसं ऊन तापलं. भादव्याचं ऊन मावळात पावसाची सगळी ओल आठ दिवसांत ओढून घेतं. घट बसायच्या आधी घर धुवायचं म्हणून वहिनींनी सकाळीच भाताच्या खोलीतलं सामान बाहेर काढायला घेतलं. पोत्यांमागे बाटल्यांचे दोन क्रेट होते. त्यांनी वरचा क्रेट उचलला, आणि त्यांच्या हातातच एक बाटली फुटली.

दहाच्या सुमाराला भाऊंचा फोन आला. "सर, हिच्या डोळ्यात काच गेलीया. तळेगावला आनलंय. तुमी जवळ हाय, या."

मी पोचलो तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. सदऱ्यावर रक्त होतं आणि अंगाला आंबूस गोड वास. माझ्याकडे बघून म्हणाले, "डाक्टर इचारतोय कशाची बाटली. काय सांगू?"

"सोड्याची म्हणा," मी म्हणालो.

विचार करायला क्षणही लागला नाही. परवाना, पोलीस, माझी नोकरी, सगळं एकदम डोक्यात आलं आणि तोंडातून तेच निघालं. भाऊ आत जाऊन तसं बोलले. डॉक्टरांनी त्यांच्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं, लिहून घेतलं आणि पुण्याला हलवायला सांगितलं.

राहिलेल्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न दुपारी काकांनी काढला. घरात भाऊंची आई एकटी होती. आम्ही दोघं टाकव्याला गेलो. डोक्याला हेल्मेट, अंगात जाड जॅकेट, हाताला काकांचे जुने चामड्याचे मोजे. आजी ओट्यावर बसून होत्या. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नाही. आम्ही क्रेटवर ओली पोती टाकली आणि एकेक बाटली पोत्याखालीच उघडत गेलो. झाकण ढिलं झालं की फेस पोत्यातून वर यायचा, भिंतीवर उडायचा. कुंपणापाशी चार-पाच माणसं उभी होती. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "हातभट्टी लावली हुती व्हय रं घरात?" काकांनी पुढची बाटली पोत्याखाली ओढली.

शेवटची बाटली उघडल्यावर तळाशी थोडी उरली. मी ती हातावर घेऊन चाखली. गोड होती. बिअर इतकी गोड राहत नाही. मी तसाच विहिरीकडे चालत गेलो, फोन काढला आणि महिन्यापूर्वीचा तो फोटो पहिल्यांदा उघडला. दोन बोटांनी मोठा केला. भाऊंनी नळी अगदी नीट, समोरून टिपली होती. आकडा होता एक हजार चोवीस. एक हजार दहाच्या आसपास यायला हवा होता. यीस्ट गारठ्यात थांबलं होतं, आणि ऊन पडल्यावर बंद बाटलीत पुन्हा जागं होऊन वायू सोडत राहिलं होतं.

खाली माझं उत्तर होतं. "झालं असेल. भरा."

ते पुसून टाकावं असं मनात आलं. इतक्या दिवसांनी ते फक्त माझ्याच फोनवरून पुसलं जात होतं, त्या दोघांच्या नाही. तरी मी पुसलं.

वहिनींचा उजवा डोळा गेला. पुण्यात दोन वेळा शस्त्रक्रिया झाली, पण नजर आली नाही. मी दर दोन दिवसांनी जायचो, फळं न्यायचो, बाहेरच्या बाकावर भाऊंशेजारी बसायचो. ते म्हणायचे, "माझीच चूक. पोत्यामागं ठिवल्या. बाटल्या भंगारातल्या हुत्या, कच्च्या असत्याल." मी म्हणायचो, "असू शकेल." हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेन, मला सांगता येणार नाही. ते स्वतःला एकेक दोष लावत जायचे आणि मी मान हलवायचो.

काकांनी गटावर लिहिणं बंद केलं. एक दिवस फोन करून मला म्हणाले, "तो फोटो मी पाहिला होता बरं का. त्याच दिवशी. आकडा जास्त वाटला. पण तू भरा म्हणालास, मग मी कशाला मधे बोलू?" मी म्हणालो, "भाऊंना सांगितलंत?" ते म्हणाले, "नाही. तू सांग."

सांगायला मी दिवाळीनंतर गेलो. भाऊ खळ्यावर भात झोडत होते. घरी वहिनी होत्या. दाराशी मशीन होतं, त्यावर जुनी चादर टाकलेली. मी नको म्हणत असतानाही त्या चहा करायला उठल्या. कप माझ्यासमोर ठेवला, किटली धरली आणि ओतायला लागल्या. चहाची धार कपाच्या बाहेर, फरशीवर पडली. त्या थांबल्या. दुसऱ्या हाताने कपाचा काठ चाचपला, किटलीची चोच त्यावर टेकवली आणि मग ओतला. फरशी पुसून झाल्यावर म्हणाल्या, "एका डोळ्यानं लांब-जवळ कळत न्हाई, भावजी. सुईचं तर नावच सोडा."

तेव्हा मी सांगितलं. फोटो, आकडा, माझा डबा, माझं उत्तर, तळेगावच्या पायरीवरचं खोटं, सगळं. बोलताना मला रडू आलं. त्यांना नाही आलं. मान पूर्ण वळवून त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो. जागा बदलायचंही मला सुचलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "झालं सांगून?"

"हो."

"तुमचा जीव हलका झाला. माझं काय झालं ह्येनं?"

मी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मी त्यांला रोज शिव्या घातल्या, भावजी. तुमीच माजा डोळा खाल्ला म्हनून. त्यो मानूस खाली मान घालून ऐकत बसला. दीड म्हैना तुमी दवाखान्यात येत हुता, फळं आनत हुता, आन् तुमाला म्हाईत हुतं." त्यांचा आवाज चढला नाही. "आता त्यांलाबी सांगा. मी न्हाई सांगनार. तुमच्या तोंडानं सांगा."

मी खळ्यावर गेलो. भाऊंनी मला पाहिलं, हातातली पेंढी झोडून संपवली, मग दुसरी घेतली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दाणे फळीवर आपटून उडत होते आणि मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. मधेच त्यांचे हात थांबले. फार वेळ नाही. खाली वाकून त्यांनी पेंढी गोळा केली, बाजूला रचली.

"मी फोटू धाडला हुता," ते म्हणाले.

"हो."

"आकडा जास्त दिसत हुता. मला कळत हुतं. टाक्या धुताना सा वर्सं बगितलंय की. पन म्हनलं, सरांनी बगितलंय." रचलेली पेंढी त्यांनी पुन्हा सारखी केली. "मला माजंच डोकं वापराया काय झालं हुतं?"

"भाऊ, चूक माझी आहे."

"व्हय," ते म्हणाले. "तुमचीबी हाय."

त्यांनी पुढची पेंढी उचलली. मी अजून उभा आहे हे बघून म्हणाले, "गाडी हितनंच वळवून घ्या. फुडं पान्याचा पाट फुटलाय, चाक रुतंल."

त्यानंतर मी टाकव्याला गेलो नाही. कारखान्यातल्या ओळखीने वहिनींसाठी पुण्याच्या एका डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ काढली होती, काकांच्या हाती चिठ्ठी पाठवली. कृत्रिम डोळा बसवून घेतल्याचं काकांकडूनच कळलं. काका टाकव्याला जातात, पण माझं नाव तिथे काढत नाहीत. भाऊंनी भांडी, नळी, मीटर, सगळं गावच्या ओढ्यात टाकलं असं ते म्हणाले. झाकणांचं यंत्र तेवढं माझ्याकडे राहिलं होतं. मी ते भंगारात घातलं.

मागच्या उन्हाळ्यात कामशेतच्या बाजारात मला वहिनी दिसल्या. भाऊ पुढे, त्या मागे, हातात पिशवी. त्या गर्दीतून चालताना उजव्या बाजूची माणसं त्यांना धडकत होती आणि त्या दर चार पावलांनी थांबून मान वळवत होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं. मग वाटलं, त्यांना मला बघायचं की नाही हे निदान त्यांचं त्यांनी ठरवावं. मी दुकानाच्या पायरीवर त्यांना दिसेन असा उभा राहिलो. भाऊ पुढे निघून गेले. वहिनी थांबल्या, त्यांनी मान वळवली, मला पाहिलं. ओळखलं हे चेहऱ्यावर कळलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भाऊंच्या मागे चालू लागल्या.