विन्याचा राजीनामा

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, भोपाळच्या बरखेड्यातील एका सरकारी क्वार्टरमधले, मागच्या खोलीच्या भिंतीतले कपाट लवकरच कायमचे रिकामे होत आहे. आपल्या टाउनशिपमधल्या पहिल्यावहिल्या रॅप अल्बमचा जन्म याच कपाटात झाला. शासनाने या घटनेची नोंद घेतलेली नाही. आपण तरी घ्यावी.

कपाटाचा मालक विनायक, म्हणजे आमचा विन्या, महिन्याभरापूर्वी गेला. मी बाग सेवनियात दुधाच्या दुकानासमोर उभा होतो, तेव्हा मराठी मंडळाच्या करमरकर काकांचा फोन आला. "विन्या गेला रे," ते म्हणाले. आणि खरं सांगतो, मला क्षणभर आनंद झाला. "अरे वा! कुठे? मुंबईला?" मी ओरडलोच. काका मग हळूच म्हणाले, "झोपेतच..."

मला हसू नका. विन्या अकरावीपासून भोपाळ सोडून जाणार होता. दर उन्हाळ्यात जाणार होता. पण त्याचे वडील नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागेवर विन्याला टाउनशिपच्या सरकारी कारखान्यात चिकटवण्यात आलं. तेच खातं, तेच क्वार्टर, डबा अडकवायची खुंटीसुद्धा तीच. वडील साधेसुधे असते तरी निभावलं असतं. ते होते बुवा! दिवसा कारखान्यात फोरमन आणि गणपतीत कीर्तनकार. त्यांचं निरूपण रंगात आलं की शब्दांची अशी सरबत्ती सुटायची की मराठी न कळणारे शेजारचे दुबेजीसुद्धा सतरंजी आणून पहिल्या रांगेत बसायचे. मागे टाळ घेऊन उभा राहायचा लहानगा विन्या, तोंड पाडून. आम्ही त्याला खाणाखुणा करून हसवायचो आणि त्याचा ठेका मात्र कधी चुकायचा नाही. बुवा गेले, पण टाउनशिपमध्ये ते मेले नाहीत. विन्या भाजी आणायला निघाला तरी लोक म्हणायचे, "चाल बघा, हुबेहूब बुवा!"

चाळिशी ओलांडल्यावर या माणसानं मला बोलावून जाहीर केलं, "मी रॅप करणार." मी म्हटलं, "ढेरी आत घे, मग कर." पण त्यानं पहिल्या ओळी ऐकवल्या आणि मीच ताठ बसलो. 'भोंगा वाजे, फाटक खुले, बापाच्या सदऱ्यात पोर अजून झुले...' कारखान्याचा भोंगा, शिफ्टच्या सायकली, एकसारखी पिवळी क्वार्टरं, सगळं त्यात होतं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आम्ही बोलतो तसंच. त्यानं भिंतीतल्या कपाटाच्या फळ्या काढल्या, आतून रजया ठोकल्या आणि झाला आमचा स्टुडिओ! तो माइक घेऊन आत मांडी घालून बसायचा. दार आपोआप उघडायचं म्हणून मी बाहेरून कडी लावायचो आणि माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचो. मे महिन्यात, भोपाळच्या उन्हात, रजईत गुंडाळलेला रॅपर... कलेसाठी एवढा घाम कुणी गाळला नसेल.

एका दुपारी विन्या आत आणि कडी बाहेर, अशा ऐन वेळी करमरकर काका टपकले. "विन्या कुठाय?" मी म्हटलं, "बाहेर गेलाय." काका कपाटाला पाठ टेकूनच बसले. यंदा गणपतीत विन्यानं बुवांच्या जागी कीर्तनाला उभं राहायचंच, हे सांगायला ते आले होते. चहा झाला, दुसरा चहा झाला. "अरे, बुवांचा मुलगा तो," काका कपाटाला डोकं टेकवून सुखानं म्हणाले, "दुसरं काय करणार आहे?" आतून एक हुंकार आला. काका दचकले. "उंदीर," मी म्हटलं, "मोठे झालेत हल्ली." काका गेल्यावर मी कडी काढली, तर विन्या आत भिजलेल्या बोळ्यासारखा बसलेला. मी हसायला लागलो. तो हसला नाही. "लाव कडी," म्हणाला. आणि त्यानं शेवटचं गाणं एका दमात म्हटलं, कुठेही न अडखळता. त्याच गाण्याचं नाव अल्बमला दिलं, 'राजीनामा'.

आणि उडाला की गोंधळ! अल्बम या फोनवरून त्या फोनवर फिरला तसे मंडळातले लोक विन्याच्या आईला, माईंना, धीर द्यायला येऊ लागले. "अशी पेन्शनची नोकरी सोडली हो त्यानं?" तिकडे दुबेजी मिठाई घेऊन हजर. "बधाई हो भैया! झगड़ा किससे था? राज़ीनामा हो गया, अच्छा हुआ!" कारण त्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. ठाण्यात, कोर्टात होतो तो. मी पोट धरून हसत विन्याला विचारलं, "यातला तुझा कोणता?" त्यानं दुबेजींचा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मराठीतला द्यायचा होता रे... जन्मभर हिंदीतलाच करत आलो." मग भोंगा झाला आणि तो सायकल काढून शिफ्टला गेला.

अल्बमचं कौतुक झालं, नाही असं नाही. पण प्रत्येक कौतुकाच्या शेवटी तेच. काय वेग, काय उच्चार, अगदी बुवा! तो प्रत्येकाला हसून नमस्कार करायचा. माईंना मात्र त्यानं ते गाणं कधीच ऐकवलं नाही. "बाबांबद्दल आहे, तिला लागेल," म्हणायचा. पुढचा अल्बम झालाच नाही.

आता क्वार्टर सोडायचंय. गेल्या रविवारी मी आणि काका सामान बांधायला गेलो होतो. माई कपाटातल्या रजया काढून घड्या घालत होत्या. एका रजईला अजून त्याच्या घामाचा वास होता. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "लाव रे ते गाणं. मला काही होत नाही." मी फोनवर लावलं. विन्याचा आवाज त्या रिकाम्या खोलीत सुरू झाला, शब्दामागे शब्द, कुठे ठेच नाही. माईंची बोटं रजईवर ठेका धरायला लागली. गाणं संपलं. करमरकर काकांनी डोळे पुसले, भिंतीवरच्या बुवांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "हुबेहूब बुवा!"

माईंनी नवऱ्याबद्दल उणा शब्द कधी काढल्याचं आम्हा कुणाला आठवत नाही. त्या फोटोकडे न बघताच एकदम बोलून गेल्या, "इश्श! ह्यांना कुठे होता हो ताल? मागून विन्याच तर सांभाळून घ्यायचा..."