फाटकापासून दुकानापर्यंत

लोकांना वेबसाइट नको असते, त्यांना बोलायचं असतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुलपं विकणारा मुलाच्या परीक्षेबद्दल बोलतो, शिलाई मशीन दुरुस्त करणारा जावयाबद्दल. सगळं बोलून मन हलकं झालं की विचारतो, "बरं, तुमचं काय होतं?" तोवर तिने टॅब पिशवीतून बाहेर काढायचा नाही, हा तिचा नियम. बाकीचे विक्रेते दारातूनच पढवलेलं बोलायला लागतात आणि दारातूनच परत जातात.

बाजारात तिला सगळे वेबसाइटवाली म्हणत. पन्नाशीला टेकलेली, शिडशिडीत, पायात कापडी बूट. आधी विमा विकला होता, मग पाण्याचे फिल्टर. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती त्यालाच वेबसाइट विकून यायची. कंपनीची योजना सोपी होती. एकदम मोठी रक्कम नाही, दरमहा थोडी वर्गणी. वेबसाइट कंपनीने बनवायची, कंपनीने सांभाळायची आणि महिन्याला एक बदल फुकट.

"म्हणजे भाड्याचं घर म्हणा की," फ्रेमवाले काका म्हणाले होते.

"भाड्याचंच. पण नळ गळला तर मालक स्वतः धावत येतो."

"मालक म्हणजे कोण?"

"मीच."

काका हसले आणि तयार झाले. तसे ते महिन्यातून दोनदा हसत, त्यातलं एक हसू तिच्या वाट्याला आलं. फोटोंना, चित्रांना चौकटी करून देण्याचं त्यांचं दुकान होतं. आत डिंकाचा वास, पायाखाली लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेल्या काचा, आणि कामाच्या टेबलासमोर एक भला मोठा आरसा. तो कुणी मागितला तर काका म्हणत, "विकलाय." न्यायला मात्र कधी कुणी आलं नाही.

गल्ल्यावर काकू बसत. काका कमी बोलत, कारण दोघांचं मिळून काकूच बोलत. बाजारात कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं आणि कोण फोटो मोठा करायला टाकून मधल्या मधे भांडून बसलं, सगळं काकूंना तोंडपाठ.

मग काकूंना झटका आला. हात परत आला, पाय परत आला. "जीभ तर गेलीच नव्हती," असं काका म्हणत. फक्त रस्ते परत आले नाहीत. डोकं शाबूत, माणसं ओळखीची, हिशेब बिनचूक, पण घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जन्मभर चाललेली वाट परक्या गावातली व्हायची. दवाखान्याच्या पाटीसमोर उभं राहून त्यांना कळायचं नाही की पुढे डावीकडे की उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. सांगणाऱ्याचं काय जातं!

काकूंनी एक गोष्ट निक्षून सांगितली. "मला हाताला धरून आणायचं नाही. बाजारात मी दुपारी डबा घेऊन स्वतःच्या पायांनी आले, तशीच येणार. नाहीतर घरी बसेन." आणि घरी बसलेल्या काकू म्हणजे काय, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. पंधरा दिवसांत बाई भिंतीला खिळून गेली असती.

म्हणून त्या महिन्याचा फुकट बदल काकांनी मागितला. "ते 'कसे यावे' पान आहे ना, ते आमच्या घराच्या फाटकापासून सुरू करा. वळणावळणाचे फोटो टाका."

"अहो काका, गिऱ्हाईक तुमच्या घरून कशाला येईल?"

"एक येतं," काका म्हणाले आणि काच पुसत राहिले.

उरलेलं काकूंनी सांगितलं आणि वर दम भरला, "कुणाला बोललीस तर तुझी जीभ फ्रेम करून इथेच टांगीन."

कागदावर रस्ता लिहून पाहिला होता, पण रस्त्यात कागद काढला की लोक विचारायचे, काकू, काय हरवलं? फोनमधले फोटो भाच्याच्या बारशात मिसळून जायचे. वेबसाइटचं बरं होतं. एकदा बोट लावलं की उघडायची, आणि कुणी डोकावलं तरी बाई आपल्याच दुकानाची वेबसाइट बघतेय! त्यात लपवायचं काय?

वेबसाइटवालीने फोटो काढले आणि खालच्या ओळी काकूंनी सांगितल्या. 'पिवळं फाटक. पाठ फाटकाकडे, तोंड चिंचेकडे.' 'दवाखान्याची पाटी. वाचू नये, नसलेलं दुखायला लागतं. उजवीकडे.' 'शिंप्याची खिडकी. तो हाक मारेल, थांबू नये. सरळ.' अशी सगळी वाट. काकू रोज दुपारी निघत, वळणावर फोन बघत आणि ऐटीत दुकानात शिरत. बाजाराला पत्ता लागला नाही.

पण एक गिऱ्हाईक नको तेवढं आज्ञाधारक निघालं. आजोबांचा फोटो काखेत घेऊन, वेबसाइटवर लिहिलं होतं तसं, ते आधी पिवळ्या फाटकाशी गेलं आणि तिथून दुकानात आलं. मग त्याने कंपनीत फोन केला की तुमच्या वेबसाइटने मला उगाच पायपीट करवली. कंपनीचा मॅनेजर पंचविशीतला, नम्र, कष्टाळू, पण सगळं नीटनेटकं करायचा रोग जडलेला. त्याने ते पान पाहिलं, कपाळाला हात लावला, फोटो पुसून टाकले आणि तिथे नकाशा बसवला. त्यात त्याचा काय दोष? वेबसाइटवालीने ऑफिसात खरं कारण सांगितलंच नव्हतं. शब्द दिला होता ना!

दुपारी ती वजनकाटेवाल्यासमोर बसली होती. तो हो म्हणायच्या बेतात होता. फोन वाजला. काकांनी तिला आजवर कधी फोन केला नव्हता.

"पान बदललंय," काका म्हणाले. "आणि ती घरातून निघालीय. फोन उचलत नाही."

"मग तुम्ही बाहेर पडून बघा ना!"

"मी शोधायला निघालो आणि ती मागून आली तर? दुकानाला कुलूप बघून कुठे जाईल ती?"

त्यांचा आवाज काचेवर ओरखडा उठावा तसा झाला होता. वेबसाइटवालीने टॅब पिशवीत कोंबला. वजनकाटेवाला म्हणाला, "अहो, मी हो म्हणतोय!" ती म्हणाली, "उद्या म्हणा," आणि पळाली.

दुकानाकडून उलटं शोधत जायचं नाही, एवढं तिला सुचलं. ती थेट पिवळ्या फाटकाशी गेली, पाठ फाटकाकडे केली आणि निघाली. दवाखान्याच्या पाटीपाशी थांबली. इथे उजवीकडे, हे कुणी सांगितलं नाही तर माणूस कुठे जाईल? डावा रस्ता उताराचा होता. दमलेलं माणूस उतारच धरतं. ती डावीकडे वळली.

इस्त्रीवाल्याच्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत काकू बसल्या होत्या. "कॉलर आधी उलटी दाब," त्या त्याला शिकवत होत्या. "सुलटी दाबलीस की चकाकते." आवाज नेहमीसारखा करकरीत, पण मांडीवरच्या डब्याच्या पिशवीचे बंद दोन्ही मुठींत असे आवळलेले की बोटं पांढरी पडली होती.

त्यांनी वेबसाइटवालीला पाहिलं. मग इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "ही बघ आली. हिचीच वाट बघत बसले होते."

"उशीर झाला काकू," वेबसाइटवाली म्हणाली. "चला, तुमच्याशिवाय मला दुकान सापडायचं नाही."

"या वयात रस्ते विसरतेस! कठीण आहे गं तुझं."

रस्त्यावर आल्यावर मात्र काकूंचा श्वास फुलला. "त्या नकाशात निळा ठिपका म्हणजे मी म्हणे. मी चालले की तो गिरक्या घेतो. ज्याला स्वतःचंच धड कळत नाही, तो मला काय सांगणार?" मग थोडं थांबून, हळू म्हणाल्या, "वाटलं, जमेल आपलं आपल्याला. पाटीपर्यंत जमलं सुद्धा."

"पिशवी जड दिसतेय. एक बंद मला द्या."

पिशवी जड नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. काकूंनी तिच्याकडे तिरकं पाहिलं आणि एक बंद दिला. दोघी दोन बाजूंनी एक डबा धरून निघाल्या. याला हाताला धरून नेणं म्हणायची कुणाची हिंमत होती? वेबसाइटवाली अर्धं पाऊल मागे चालत होती. प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढायची आणि विचारायची, "इथे काय लिहू?"

"उतार दिसतो. फसू नये," काकू पाटीपाशी म्हणाल्या. "हे आधी नव्हतं लिहिलं."

शेवटच्या वळणावर त्यांनी पिशवीचा दुसरा बंद काढून घेतला, पदर सारखा केला आणि एकट्याच दुकानात शिरल्या. "शिंप्याने थांबवलं," असं काहीसं ऐकू आलं. काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

ऑफिसात मॅनेजर म्हणाला, "ताई, पण ते पान चुकीचं होतं. गिऱ्हाइकं घरी जातात."

"नकाशा खाली ठेवा गिऱ्हाइकांसाठी. वर फाटक."

"पण का?"

"या महिन्याचा फुकट बदल आहे. 'का' विचारायचं योजनेत कुठे लिहिलंय?"

पोराने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तो नीटनेटका होता, मूर्ख नव्हता. "फोटो द्या, आत्ताच लावतो," म्हणाला. "आणि त्या पानाला यापुढे कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी वजनकाटेवाल्याकडे जाताना तिची पावलं आपोआप फ्रेमच्या दुकानाकडे वळली. दुपार झाली होती. काका दाराकडे पाठ करून चौकटीला बारीक खिळे ठोकत होते.

"दारात तरी उभे राहा काका."

"चालत नाही तिला. म्हणते, मी काय पोस्टाचं पार्सल आहे?"

ठक, ठक, ठक. वेबसाइटवालीने घड्याळाकडे बघायचं टाळलं. मग एक ठोका चुकला आणि खिळा वाकला. काकांनी वळून पाहिलं नव्हतं, फक्त डोळे वर गेले होते. तिने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. समोरच्या न विकल्या जाणाऱ्या आरशात दुकानाचं दार होतं, दाराबाहेरचा रस्ता होता, थेट शेवटच्या वळणापर्यंत. आणि त्या वळणावरून, फोन पदराखाली सरकवत, डबा हातात हलवत काकू येत होत्या.

"काय गं वेबसाइट, कामधंदा नाही का तुला?" त्या आत येता येता म्हणाल्या. मग चौकटीकडे बघून, "वाकवलात? जन्म गेला तुमचा, खिळा काही सरळ जात नाही."

"नाहीच जात," काका म्हणाले आणि पकड शोधायला खाली वाकले. या महिन्यातलं दुसरं हसू त्यांनी टेबलाखाली हसून घेतलं.