नितीनचा चौकोन

पडद्यावर हिरवा चौकोन सायकलवाल्याच्या मागे मागे सरकत होता आणि माझ्या पोटात दुखत होतं.

ठाण्यात कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत आमचा डेमो चालू होता. कॅमेऱ्यात हलणारी वस्तू कॉम्प्युटरने स्वतः ओळखायची आणि तिचा माग ठेवायचा, हे नव्वदच्या दशकात नवलच होतं. प्रोग्रॅम नितीनचा. डोंबिवलीचा पोरगा, माझा ज्युनिअर. कॅमेऱ्याची केबल सोलायलाही त्याला मीच शिकवलेलं. आता ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी नितीनचा चौकोन. त्यात आमचे बॉस देसाईसाहेब म्हणालेले, ज्याची सिस्टिम इथे घेतील तो नव्या डिपार्टमेंटचा हेड.

माझी सिस्टिम साधी. सकाळी रिकाम्या गेटचं चित्र साठवायचं. त्याहून वेगळं काही दिसलं की बझर. नितीनचा प्रोग्रॅम ते चित्र सतत बदलत राहायचा. त्यामुळे एखादी वस्तू थोडा वेळ हलली नाही की तो तिला मागच्या भिंतीचाच भाग समजायचा. चौकोन गायब. ही खोट मला ठाऊक होती.

एक ट्रक आत आला. चौकोन त्याच्यावर बसला. मी खिडकीतून ओरडलो, "भैया, उधरही रुको!"

"काय रे, मध्येच काय?" देसाईसाहेब म्हणाले.

"बघा तर साहेब."

थोड्या वेळाने चौकोन विझला. नितीनचा चेहरा उतरला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मी कंपनीचे सिक्युरिटी ऑफिसर चव्हाण यांच्याकडे वळलो. "एवढा ट्रक समोर उभा, आणि ह्याला दिसत नाही! माझा बझर ट्रक हलेपर्यंत वाजत राहील."

"हलेपर्यंत?" चव्हाणांनी कपाळाला हात लावला. "अहो, वजनकाट्यासाठी इथं ट्रक दुपारपर्यंत उभे असतात. माझी माणसं तुमच्या बझरची वायरच काढून ठेवतील."

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर उतरला आणि इकडेतिकडे बघत कुंपणाच्या भिंतीकडे निघाला. लगेच नवा चौकोन त्याच्या मागे, थेट भिंतीपर्यंत.

चव्हाण उठूनच उभे राहिले. "अरे, थांबवा त्याला! हेच पायजे मला. उभी गाडी नको, उतरलेला माणूस दाखवा."

ऑर्डर नितीनला मिळाली, खुर्चीही. परतताना रिक्षात तो म्हणाला, "सर, ट्रक थांबवायची आयडिया भारी होती तुमची. मला सुचलंच नसतं." मनापासून म्हणाला, म्हणून जास्तच झोंबलं.

दुसऱ्याची खोट दाखवण्याआधी गिऱ्हाईकाला काय हवंय ते विचारून घ्यावं, एवढं मी शिकलो. पुढे प्रत्येक डेमोत एक ट्रक उभा करायची पद्धतच पडली. तो थांबवायला नितीन मलाच पाठवायचा.