मागच्या भिंतीवरचा फोटो

भोरमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. मोबाईल आला आणि लग्नाची कामं आटली, पासपोर्ट फोटो लोक कुठूनही काढून आणतात. एक काम मात्र अजून माझ्याकडेच येतं. घरातलं माणूस गेलं की नातेवाईक दहाव्याच्या आत लग्नातला, गर्दीतला एखादा फोटो घेऊन येतात. मी त्यातून गेलेल्याचा चेहरा उचलतो, शेजाऱ्याचा खांदा पुसतो, टोपी सरळ करतो आणि मागे निळा पडदा देऊन फ्रेम करून देतो. हे काम रडत करता येत नाही. लई कोरडा माणूस हाय, असं माझ्याबद्दल बोलतात. ते खोटं नाही.

म्हणून गुंजवणे गावची एक सून दुपारच्या वेळी मोबाईल घेऊन आली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "म्हंजे त्येच बघायचंय, काका."

तिचा नवरा आफ्रिकेत विजेचे टॉवर उभे करायच्या कामावर होता. तिथल्या सरकारशी जंगलातून लढणाऱ्या बंडखोरांनी त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना कामावरून उचलून नेलं होतं. पेपरात त्यांना गनिमी टोळी म्हटलं होतं. राजगडाच्या पायथ्याच्या माणसाला गनिमी हा शब्द शिवीसारखा लागत नाही. त्या दुपारपासून मला मात्र तो पेपरात वाचवत नाही. कंपनीनं तिला एक व्हिडिओ पाठवला होता. हा तुमचाच माणूस ना, एवढंच तिनं कळवायचं होतं, पण तिला तो मोठ्या पडद्यावर बघायचा होता.

मी कॉम्प्युटरवर लावला. तिघं चटईवर बसलेले, मधला तिचा नवरा. दाढी वाढलेली, मिशी भरघोस. त्यानं हिंदीत नाव सांगितलं, गाव सांगितलं, आम्ही बरे आहोत म्हणाला. तिनं पडद्याला बोट लावलं आणि ते काढलंच नाही. मी ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहिलं, सावल्या पाहिल्या, कुठे जोड आहे का ते पाहिलं.

"व्हिडिओ खरा आहे," मी म्हणालो. "पण कधीचा आहे ते सांगता येणार नाही."

ती धीर मागायला आली होती आणि मी तिला पावती फाडून दिली. तरी पुढेही ती माझ्याकडेच येत राहिली. कंपनीच्या साहेबानंही माझा नंबर घेऊन ठेवला.

दोन महिन्यांत तिचे सासरे गेले. सगळे त्यांना आबा म्हणत. लेकाची वाट बघून गेले असं गावात म्हणतात. डॉक्टर दुसरं काही म्हणत होते. आबांचा फोटोही मीच केला, एका साखरपुड्याच्या गर्दीतून उचलून. चांगला झाला होता.

मग साहेबाचा फोन आला. मध्यस्थामार्फत एक छोटं पार्सल जंगलात त्याच्यापर्यंत जाऊ शकत होतं. औषधं, घरचं पत्र आणि एक फोटो. फोटो काढायला मी स्कूटरवरून मार्गासनीमार्गे गुंजवण्याला गेलो. पत्र आबांच्या पत्नीनं सांगितलं आणि सुनेनं लिहिलं. आबांच्या पत्नीला मी आक्का म्हणतो. आक्कांनी एकच गोष्ट बजावली होती.

"आबांचं लिवायचं न्हाई. एकला हाय त्यो तितं. रडाया बी कुनी न्हाई जवळ."

तेव्हा पत्रात सगळं ठीक होतं. भात चांगला आला होता, म्हैस व्यायली होती, आबा मजेत होते.

बाहेर ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी दोघींना आत कॉटवर बसवलं. मागची भिंत पाहिली. कॅलेंडर चकाकत होतं, ते काढलं. आक्कांचं कुंकू नव्हतं. ते त्याच्या ध्यानात येईल म्हणून सुनेनं त्यांचा पदर कपाळावर ओढला. मी तिच्या हुशारीला मान डोलावली. भिंतीवरची एक फ्रेम कलली होती. फ्रेम वाकडी दिसली की माझा हात आपोआप जातो. ती सरळ केली, तिच्यावरचा हार मधोमध आणला आणि फोटो काढला. तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघींना दाखवला. दोघींनी आपापले चेहरे पाहिले. छान आला म्हणाल्या.

पुढचे काही आठवडे काहीच नाही. मग तिघांपैकी एक जण गेल्याची खबर आली. कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या महिन्यात सून दोनदा स्टुडिओत येऊन नुसती बसून गेली. मी तिला चहा दिला. दुसरं काय द्यायचं ते मला सुचलं नाही.

नवा व्हिडिओ आला तेव्हा सासू-सून दोघी एसटीनं भोरला आल्या. साहेब फोनवर होता. तो आधीच सांगत होता, "आशा फार धरू नका. कधीकधी माणूस गेल्यावरही जुनं रेकॉर्डिंग पाठवतात. तारीख कळेल असं त्यात काही नाही. डोकं भादरलंय, पण तिथं उवा झाल्या की भादरतातच."

मी व्हिडिओ लावला. या वेळी तो एकटा होता. वाळलेला. तेच नाव, तेच गाव. डोकं गुळगुळीत. आक्का खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आल्या.

"मिशी कुटं गेली?"

बाप जिवंत असताना आमच्याकडे कुणी मिशी उतरवत नाही. मी व्हिडिओ मागे घेतला आणि हळू चालवला. शेवटी कुठल्यातरी आवाजानं तो मान वळवतो. तिथे थांबवलं. डोक्यावर मागच्या बाजूला शेंडीपुरते केस राखले होते. उवांसाठी भादरणारा शेंडी ठेवत नाही.

आक्का सुनेकडे वळल्या. "त्येला कुनी सांगितलं?"

"म्या न्हाई, आत्या. तुमच्या फुडंच लिवलं की समदं."

ती रडायला लागली. आळ तिच्यावर जात होता, आणि तोवर मला समजलं होतं. मी गुंजवण्याचा फोटो उघडला. दोघी कॉटवर बसलेल्या, कपाळावर ओढलेला पदर, आणि दोघींच्या मधोमध, मागच्या भिंतीवर, हार घातलेले आबा. एका रेषेत सरळ. दुसऱ्यांच्या फोटोतली नको असलेली माणसं जन्मभर पुसत आलेला मी. भिंतीवर हारातला फोटो घराघरांत असतो, त्यामुळे तो आम्हा तिघांपैकी एकालाही दिसला नाही. दिसायला हवा होता तो मला.

"आक्का, हे माझ्या हातून झालं," मी म्हणालो.

आक्कांनी फोटो नीट पाहिला. मग म्हणाल्या, "बापाचं मरन तुमी त्येला भिंतीवरनं सांगितलं."

फोनवर साहेब काय झालं, काय झालं विचारत होता. मी त्याला मिशीचं, शेंडीचं आणि भिंतीवरच्या फोटोचं सांगितलं आणि विचारलं, पार्सल हातात कधी पडलं? त्यानं कागद पाहिले. पार्सल पोचून जेमतेम दहा दिवस झाले होते, व्हिडिओ त्या दहा दिवसांतलाच. मरणाची खबर त्याच्या कितीतरी आधीची होती.

"म्हणजे गेलेला माणूस हा नाही," साहेब सावकाश म्हणाला.

मला आनंद झाला, इतका की साहेबाला मी तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. उरलेल्या दोन घरांपैकी एका घरात त्याच वाक्याचा अर्थ काय होतो, हे मला संध्याकाळी आठवलं. तेव्हा आठवलं नाही, हेही खरं.

आक्का खाली बसल्या. "कुनी क्येलं आसंल त्येचं?" त्या विचारत होत्या. "रानात कुनाच्या हाती वस्तरा दिला आसंल त्येनं?" आणि मग, आबा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं सून म्हणते, त्या मोठ्यानं रडल्या. "बापाचं क्येलं गं त्येनं. तितं बसून क्येलं." सून त्यांना धरून होती. मीही रडलो. कोरडा माणूस म्हणणाऱ्यांनी तेव्हा यायला हवं होतं.

तो अजून सुटलेला नाही. बोलणी चालू आहेत, असं साहेब दर फोनला सांगतो. गेल्या महिन्यात आणखी एक पार्सल पाठवायचं ठरलं आणि मी पुन्हा कॅमेरा घेऊन गुंजवण्याला गेलो. पार्सलात या वेळी एक पांढरी टोपीही होती. सुतक फिटलं की नातेवाईक लेकाच्या उघड्या डोक्यावर टोपी घालतात, ती आक्कांनी भोरच्या बाजारातून आणली होती.

मी दोघींना कॉटवर बसवलं. आक्का पुन्हा उठल्या, भिंतीवरून आबांची फ्रेम स्वतः उतरवली आणि मांडीवर घेऊन बसल्या. या वेळी त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला.

"घ्या आता," त्या म्हणाल्या. "त्येला ठावं हाय."

फ्रेम एका बाजूला कलली होती. माझा हात उठला. मी तो खाली घेतला आणि फोटो काढला.