विरजणातला व्हायरस

३ एप्रिल. सकाळपासून घरातली सगळी पातेली उकळत्या पाण्यातून काढत होते. पाडव्याच्या श्रीखंडासाठी दही लावायचं होतं आणि कितीतरी दिवस दूध रात्रभर ठेवूनही तसंच राहत होतं, पांचट आणि पातळ.

विरजण आईचं. माझ्या लग्नानंतर विठ्ठलवाडीहून वाटीत आणलं, ते कधी मोडू दिलं नाही. आई गेली, विरजण चालू राहिलं. डोंबिवलीत माझं श्रीखंड खपतं ते त्याच्या चवीवर.

आधी मी दुधाला दोष दिला. मग खालच्या शेजारणीकडून माझंच विरजण परत मागून आणलं. बिल्डिंगमध्ये अर्ध्या घरांत तेच आहे. तेही लागलं नाही. वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून मी तिच्यात उरलंसुरलं चमचाभर दही घालून परत केली. दोन दिवसांनी शेजारीण जिन्यातच म्हणाली, "काकू, तुमच्याकडून वाटी आली आणि माझंही दही लागेना. दृष्ट काढू का वाटीची?"

भाची ठाण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने माझं दही तपासायला नेलं होतं. त्या दुपारी आली.

"मावशी, दह्याचं पाणी जिवाणूसुद्धा अडकतील अशा गाळणीतून गाळलं. खाली उतरलं त्याने चांगलं विरजणही मेलं. व्हायरस आहे."

"दह्याला सर्दी?"

"सर्दी कसली. जिवाणू फुटतात त्याने."

"आला कुठून?"

"तुझ्याकडे? दुधातून, हवेतून, काय सांगू. आणि मुळात कुठून, ते कोणालाच नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं पेशीतून सुटलेला तुकडा. कोणी म्हणतं एके काळी अख्खी पेशी होती, दुसऱ्याच्या जिवावर जगून एकेक अवयव टाकत गेली. कोणी म्हणतं पेशींच्याही आधीचा. सगळे एकाच वाटेने आले असतील असंही नाही."

"जिवंत तरी आहे का मेला?"

"खात नाही, वाढत नाही. दही लावणारा जिवाणू दूध खातो, आंबवतो, दोनाचे चार होतो. हा नुसता पडून राहतो. जिवाणू भेटला की आत शिरून त्याच्याचकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो."

"उकळून घालवते."

"पातेल्यातला जाईल. भिंतीवरचा, फडक्यावरचा, वाटीवाटीतून घरोघरी गेलेला? दुसरं विरजण आण, ज्याला हा लागत नाही."

"आणि आईचं?"

"आजीचं गेलं, मावशी."

मी गॅस बंद केला. तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं सगळं मोरीत ओतलं, श्रीखंड सांगितलेल्यांना फोन करून नाही म्हटलं आणि दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून अर्धाच लिटर.