भरती आणि सुट्टी

बाबांच्या मोटरसायकलची चाबी आठ महिने आईच्या पदराच्या गाठीत होती. समुद्र पाहायला निघालो तेव्हा तीही गाठीतच बसून आली. मध्यप्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या घरी कपाट आहे, कपाटाला लॉकर आहे, पण आईचा भरवसा फक्त पदरावर. झालं असं होतं की गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं आणि त्यांना नागपूरच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. दवाखान्यातून सुट्टी होऊन घरी आल्यापासून आईनं त्यांचं संत्र्याच्या बागेत जाणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले होते, फिरा, हळूहळू कामाला लागा. डॉक्टरले काय समजते, असं आईचं मत.

मला बाबांचं वाईट वाटायचं आणि आईचा रागही यायचा. वऱ्हांड्यात बसून फोनवर बागेतल्या गड्याला "पाणी सोडलं का" विचारणारा आणि दिवसभर रस्त्यावरचे ट्रक पाहणारा माणूस हा माझा बाप नव्हताच. मी आईशी कितीदा भांडले. ती सगळं ऐकून घ्यायची आणि गाठ आणखी आवळायची. शेवटी म्हटलं, बाग नाही तर नाही, समुद्र तरी दाखवू. तो आमच्या घरात कोणीच पाहिला नव्हता. यावर आई आधी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे नारळ फोडून आली, मगच हो म्हणाली.

बसनं नागपूर, रेल्वेनं मुंबई आणि तिथून अलिबाग, असे आम्ही तिघं निघालो. सोबत पुऱ्या, आलूची सुकी भाजी, ठेचा, बाबांच्या गोळ्या आणि बी.पी.ची मशीन. मशीन कशाला, असं मी विचारलंच नाही. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी कोण डोकं लावणार?

सकाळी पोचलो तर समुद्र जागेवर नव्हता. खोटं नाही सांगत. नुसतं ओल्या काळ्या वाळूचं मैदान, त्यावर घोडागाड्या पळताहेत, लोक पाण्यातल्या किल्ल्याकडे चक्क पायी चाललेत, आणि पाणी कुठंतरी लांब चमकून राहिलेलं. बाबा हिरमुसले. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाचं पाणी काही दिवस तोडतात, म्हणजे मग फूल भरून येतं. त्याला ताण देणं म्हणतात. समुद्रालाही कोणी ताण दिलेला दिसतो, असं बाबा म्हणाले. आईला मात्र बरंच वाटलं. पाणी जितकं दूर तितकं चांगलं, आणि तुम्ही पायसुद्धा ओले करायचे नाहीत, असं तिनं बजावून टाकलं.

आम्ही चटई अंथरली. बाजूला एक बाई नारळपाणी विकत होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, तुम्ही हिंदी का. माझं डोकंच सटकलं. अलिबागेत आमची मराठी हिंदी वाटते आणि भोपाळच्या साहेबाला आमची हिंदी मराठी वाटते, आम्ही जायचं तरी कुठं? पण त्या बाई मनानं चांगल्या होत्या. आईला म्हणाल्या, "काकी, इथे नका बसू. दुपारी भरती आहे."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं आधी बाबांचं मनगट धरलं आणि मग विचारलं, कोणाची भरती, काय झालं. बाईंना काय कल्पना? त्या म्हणाल्या, रोजच असते, दिवसातून दोनदा. झालं. या जागी रोज दोन माणसं दवाखान्यात भरती होतात, असा आईनं हिशेब लावला आणि मशीन काढून बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागली. वर मलाच बोल लावला, की कुठं आणलं माझ्या माणसाला. बाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी समुद्राकडे हात केला, म्हणाल्या, अहो, पाणी भरतं, पाणी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शाळेत हिंदी मीडियमवाली, पुस्तकात ज्वार-भाटा वाचलेली. त्याला मराठीत भरती म्हणतात हे मला तरी कुठं माहीत होतं.

समजावून सांगितलं तसे बाबा हसायला लागले. दंडाला पट्टा, मशीन टूंटूं करून राहिली, आणि बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आठ महिन्यांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मलाच रडू यायला लागलं. आई फुगून बसली.

दुपारी पाणी खरंच आलं. घाई न करता, चटई मागं सरकवायला लावत आलं. बाबा उठले, चप्पल काढली, पॅन्ट दुमडली. आईनं लगेच हात पकडला. बाबा चिडले नाहीत. तिच्याकडे पाहत हळूच म्हणाले, "दवाखान्यातून मी दहा दिवसांत सुटलो. घरी आठ महिन्यांपासून भरतीच आहो."

 आईनं हात सोडला नाही, पण साडी वर खोचली आणि बाबांच्या बरोबरीनं पाण्यात शिरली. आधी घोटे, मग गुडघे. मी मागून पाहत होते. एक लाट आली आणि आई धपकन खाली बसली, पार मानेपर्यंत. ज्या माणसाला तिनं बादली उचलू दिली नव्हती, त्यानंच तिला दोन्ही हातांनी उभं केलं. ती त्याच्या छातीवर तळवा ठेवून उभी राहिली. बाबांना धाप लागली नव्हती. मग पुढची लाट आली आणि दोघंही पोरांसारखे ओरडले.

संध्याकाळी पाणी मागं जायला लागलं. नारळपाणीवाल्या बाईंना मी विचारलं, याला काय म्हणतात. ओहोटी, त्या म्हणाल्या. मी आईला जाऊन सांगितलं. ओल्या साडीत बसून ती दातांनी पदराची गाठ सोडत होती. खाऱ्या पाण्यानं गाठ इतकी घट्ट झाली होती की सुटता सुटेना.

"ओहोटी कायची," ती म्हणाली. "आपल्याइकडे याले सुट्टी म्हणतात." चाबी पुसून तिनं बाबांच्या हातावर ठेवली. "घ्या. झाली तुमची सुट्टी."